पांगुळगाडा, फक्करोग आणि दीड वर्षाची मर्यादा

पेण आणि रोहे परिसरात बालकांची चिकित्सा करणाऱ्या प्रत्येक वैद्यास एक प्रश्न वारंवार ऐकावा लागतो : 'डॉक्टर, वर्ष उलटले, अजून बाळ चालत नाही. काही औषध आहे का?' पहिला वाढदिवस पार पडलेला असतो, जमलेल्या नातेवाइकांपैकी कोणीतरी आपल्या नातवाने दहाव्याच महिन्यात पाऊल टाकल्याचे सांगितलेले असते, आणि तेव्हापासून त्या घरातील मातेची झोप उडालेली असते. ही चिंता घेऊन ती प्रथम आपल्याकडे येते, किंवा त्याहूनही आधी औषधी दुकानाच्या काउंटरवर जाते.

तिला आपल्या व्यवसायात दोन प्रकारची उत्तरे मिळतात. पहिले म्हणजे एखाद्या बलवर्धक आसवाची बाटली, कॅल्शियमचे सिरप आणि मालिशचे तेल. दुसरे म्हणजे 'चालेल हो, काही मुले उशिरा चालतात' हा दिलासा. बालकाची तपासणी न करता दिलेली ही दोन्ही उत्तरे सारखीच सदोष आहेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. पहिल्या उत्तराने निरोगी बालकास विनाकारण औषध मिळते. दुसऱ्याने रुग्ण बालकाचे मोलाचे महिने वाया जातात.

काश्यपांनी काय सांगितले?

उशिरा चालणाऱ्या बालकाचा स्वतंत्र अध्याय लिहिणारी परंपरा आपली आहे, याचा आपणास सार्थ अभिमान वाटतो. नेपाळातील हस्तलिखितावरून 1938 मध्ये मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून प्रकाशित झालेल्या काश्यपसंहितेच्या चिकित्सास्थानात फक्कचिकित्सा आली आहे. एक वर्ष पूर्ण होऊनही जे बालक पायांनी चालत नाही ते फक्क, ही व्याख्या आपण सर्वांनी कौमारभृत्याच्या परीक्षेसाठी पाठ केलेली आहे. अडचण अशी की, परीक्षेनंतर आपल्या स्मरणात केवळ व्याख्या उरते आणि पुढचा अध्याय विस्मरणात जातो.

त्या अध्यायात फक्काचे तीन भेद आहेत. धात्रीच्या दूषित स्तन्यामुळे होणारा तो क्षीरज. माता लवकर पुन्हा गर्भिणी राहिल्याने बालकाचे स्तन्य तुटते, त्यातून होणारा तो गर्भज. रोगाने बालकाचे बल आणि मांस क्षीण होऊन होणारा तो व्याधिज. व्याधिज फक्काचे वर्णन करताना वाळलेले नितंब, बाहू व मांड्या, मोठे उदर व मस्तक, दिसणारा अस्थिपंजर आणि निश्चेष्ट अधरकाय ही लक्षणे ग्रंथकाराने नोंदविली आहेत. म्हणजे केवळ दिनदर्शिका पाहून रोग ठरवावा, असा आचार्यांचा अभिप्राय नाही. वर्ष ही लक्ष देण्याची मर्यादा आहे. ती ओलांडल्यावर बालकाचा आहार, मातेची स्थिती आणि व्याधीची चिन्हे पाहावयाची आहेत. औषधयोजनेचा क्रम त्यानंतरचा.

आजचे मोजमाप

या मर्यादेकडे आजच्या ज्ञानाच्या प्रकाशातही पाहिले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतील 816 निरोगी बालकांचे निरीक्षण करून 2006 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. आधाराशिवाय चालणे हे सुमारे 8.2 ते 17.6 महिने या कालावधीत केव्हाही सुरू होऊ शकते, असे त्यात आढळले. सरासरी वय बारा महिन्यांच्या आसपास आहे. याचा सरळ अर्थ असा की, पहिल्या वाढदिवशी न चालणारे बालक पाहून लगेच फक्क हा शब्द उच्चारला, तर गावातील जवळजवळ निम्मी निरोगी बालके रुग्ण ठरतील. त्याच अभ्यासातील शंभरांपैकी सुमारे चार बालके हातगुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत, तरीही ती यथावकाश चालू लागली. काही बालके बसूनच पुढे सरकत जातात; तीही बहुधा उशिराच उभी राहतात. काही घराण्यांत पिता, आत्या, काका सर्वच उशिरा चाललेले असतात. अकाली जन्मलेल्या बालकाचे वय मोजताना तर जितके आठवडे ते आधी जन्मले तितके वजा करावे लागतात.

मात्र दीड वर्ष पूर्ण होऊनही स्वतंत्र पाऊल न पडल्यास वाट पाहण्याची मुदत संपली, असे समजावे. आणि काही चिन्हे अशी आहेत की, ती दिसताच दीड वर्षापर्यंतही थांबू नये. पाचव्या महिन्यातही मान न सावरणे, दहाव्या महिन्यातही आधाराशिवाय न बसणे, वर्षाच्या आत एकाच हाताचा सतत वापर, मांडीवरून उचलताच पाय ताठ होऊन कात्रीसारखे एकमेकांवर येणे, अंग अतिशय लुळे असणे, दोन मांड्यांच्या वळ्यांत किंवा पायांच्या लांबीत फरक असणे, आणि सर्वांत गंभीर म्हणजे आलेले कौशल्य गमावणे. या चिन्हांमागे जन्मकाळी मेंदूस झालेली इजा, नितंबसंधीची जन्मजात विकृती, थायरॉईडची न्यूनता, स्नायूंचा आनुवंशिक क्षय अथवा ब12 जीवनसत्त्वाची तीव्र कमतरता असू शकते. ड्यूशेन या स्नायुरोगात मुलगा थोडा उशिरा चालतो एवढीच प्रथम तक्रार असते आणि रक्तातील सीपीकेची साधी तपासणी संशय पक्का करू शकते. थायरॉईड आणि ब12 यांची कमतरता वेळेवर ओळखली तर तीवर नेमका उपचार आहे. दवडलेल्या काळाची भरपाई मात्र पूर्णपणे होत नाही.

बाटलीचा प्रश्न

आता औषधविक्रेत्या बंधूंना उद्देशून चार शब्द. पालक काउंटरवर येऊन 'चालण्याचे औषध' मागतात. असे कोणतेही एक औषध नाही, हे त्यांना सांगण्याचे धैर्य आपण दाखविले पाहिजे. कुमारकल्याण रसासारखे कल्प रससिंदूर आणि धातूंच्या भस्मांनी युक्त आहेत. बालकाचे वजन, अग्नी व निदान पाहून वैद्यानेच द्यावयाचे ते औषध आहे. बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या 70 आयुर्वेदिक उत्पादनांपैकी 14 मध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक आढळल्याचे 2004 मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा आपल्या शास्त्राची जगभर किती नाचक्की झाली, ते आपण विसरलेलो नाही. त्या निष्कर्षांवर वाद घालणे एक वेळ सोपे आहे. पण चिठ्ठीविना भस्मकल्प बालकाच्या हाती जाणार नाही, ही खबरदारी घेणे पूर्णपणे आपल्या हाती आहे.

हीच गोष्ट ड जीवनसत्त्वाची. कोकणात ऊन मुबलक असले तरी चार महिने पावसाचे असतात आणि तान्हे बालक घरात, कपड्यांत गुंडाळलेले असते. त्यामुळे मुडदूस येथेही आढळतो. पहिल्या वर्षी बालकास रोज 400 युनिट ड जीवनसत्त्व द्यावे, ही भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेची शिफारस आहे. परंतु 60 हजार युनिटची पुडी आठवड्यामागून आठवडा मनाने देत राहिल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून बालक संकटात येऊ शकते. मनगटे रुंद झालेली, पाय वाकलेले, टाळू उशिरापर्यंत उघडी, अशा बालकाची तपासणी करून मात्रा व मुदत लिहून द्यावी; अंदाजाने पुडी विकू नये.

चाकांच्या वॉकरविषयीही आमचे मत ठाम आहे. काश्यपांनी फक्कासाठी तीन चाकांचा फक्करथ सांगितला आणि आपल्याकडील सुतारांनी पिढ्यान्‌पिढ्या लाकडी पांगुळगाडा घडविला. या दोहोंचा दाखला देऊन प्लॅस्टिकच्या वॉकरचे समर्थन होते, ते चुकीचे आहे. पांगुळगाडा ढकलताना बालक स्वतःच्या पायांवर उभे असते, तोल स्वतः सावरते. वॉकरमध्ये ते झोळीत बसून बोटांच्या टोकांनी जमीन रेटते. 2002 मध्ये एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात, वॉकरमध्ये घालविलेल्या एकूण दर 24 तासांमागे स्वतंत्र चालणे सुमारे 3.3 दिवसांनी लांबल्याचे आढळले. पायऱ्यांवरून कोसळण्याचा धोका वेगळाच. कॅनडाने 2004 मध्ये त्यांच्या विक्रीवर बंदी घातली. आपल्या दुकानात वॉकर असेल तर तो काढून टाकावा, अशी आमची विनंती आहे. बालकास लागते ती मोकळी, न निसरडी जमीन, अनवाणी पाय आणि धरून उभे राहण्यास एखादा पाट वा बाक.

पाठविणे हीही चिकित्साच

बालकास पुढे पाठविले तर रुग्ण आपल्या हातून जातो, असे काही बंधू खासगीत बोलतात. आमचा अनुभव याच्या उलट आहे. निदान होऊन आलेले कुटुंब अधिक विश्वासाने परतते. फिजिओथेरपी चालू असताना अभ्यंग, स्वेदन, मात्राबस्ती आणि आहारयोजना यांना योग्य ते स्थान देता येते. तेलाचे मोल आम्ही जाणतो. पण इजा झालेल्या मेंदूचे निदान तेलाने होत नाही, हेही जाणले पाहिजे.

पाठवावयाचे कोठे, हा प्रश्नही पूर्वीइतका अवघड राहिलेला नाही. 2013 मध्ये तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशात आरंभ झाला. अंगणवाडीत जाऊन बालके तपासणाऱ्या त्याच्या फिरत्या पथकांत आयुष वैद्यकीय अधिकारी आहेत, म्हणजे आपलेच पदवीधर बंधुभगिनी आहेत. विकासातील विलंबासाठी जिल्हा स्तरावर शीघ्र हस्तक्षेप केंद्र, अशी या योजनेची मांडणी आहे. आपले जिल्हा रुग्णालय अलिबागेस आहे. ज्यास अलिबाग दूर वाटते, त्यास निदान अंगणवाडीसेविकेचा आणि पथकाचा पत्ता आपण द्यावा.

यात सर्वाधिक निसटतात ती आमच्या तालुक्यांतील कातकरी वाड्यांवरील बालके. दिवाळीनंतर कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, पावसाच्या तोंडावर परततात. अंगणवाडीतील तपासणी झाली तेव्हा ते बालक गावात नसते. कार्ड हरवलेले असते, जन्मतारीख सांगता येत नाही. अशा वेळी गणपती, दिवाळी, शिमगा यांपैकी कोणत्या सणाच्या आगेमागे बाळ झाले, एवढे विचारले तरी वय महिन्या-दीड महिन्याच्या फरकाने कळते. खोकल्यासाठी आलेल्या अशा बालकास क्षणभर जमिनीवर उभे करून पाहावे. कदाचित त्या वर्षातील ती त्याची एकमेव तपासणी असेल.

प्रत्येक चिकित्सालयाने वर्षाच्या आसपासच्या प्रत्येक बालकाच्या केसपेपरवर मान सावरणे, बसणे, धरून उभे राहणे आणि पाऊल टाकणे यांचे महिने लिहावेत. प्रत्येक औषधी दुकानाने न तपासलेल्या बालकासाठी बलवर्धक औषध मागणाऱ्या पालकास आधी वैद्याकडे पाठवावे. तपासून निरोगी ठरलेल्या बालकाच्या मातेस 'औषधाची गरज नाही, अमुक महिन्यात पुन्हा दाखवा' असे तारखेसह सांगावे. तारीख दिलेला दिलासा आणि तारीख न दिलेला दिलासा यांत मोठे अंतर आहे. काश्यपांच्या शास्त्राचे आपण वारसदार म्हणवितो; तर न चालणारे बालक प्रथम ओळखण्याचा मानही आपण मिळवावा, इतकीच आमची अपेक्षा आहे.