एक रायफल, दोन कामे

१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्याच्या स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफलच्या तीन पवित्र्यांच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळविले. त्याच्या आदल्या वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत याच प्रकारातील सांघिक सुवर्णपदक पटकावणाऱ्या भारतीय संघात ते होते आणि आपल्या खरगोन जिल्ह्याचे ऐश्वर्य प्रताप सिंह तोमरही होते. घरातील मुलामुलींना नेमबाजीची गोडी लागावी यात नवल नाही, आणि गोडी लागली की साधनाचा प्रश्न आलाच.

हा प्रश्न आमच्यापुढे दोन प्रकारच्या घरांतून येतो. पहिल्या घरात आजोबांच्या काळची शिकारी रायफल परवान्यासह जपून ठेवलेली असते, आणि तिच्यावरच नातवंडांचा सराव व्हावा असे वडीलधाऱ्यांना वाटते. दुसऱ्या घरातील चिरंजीव परदेशी स्थायिक झालेले असतात. तेथे शिकार कायदेशीर असते. त्यांना मैदानावर नेम मारण्यासाठी एक रायफल घ्यावयाची असते, आणि शिकारीची मुख्य रायफल ऐन वेळी बिघडलीच तर हीच पाठराखणीला यावी अशी त्यांची इच्छा असते. दोघांचे विचारणे एकच: एका रायफलीत दोन्ही कामे साधतील काय?

प्रथम दोन्ही कामांतील अंतर पाहू. ५० मीटरवरील लक्ष्याचे दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. १० मीटरच्या एअर रायफलीसाठी तर तो अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका असतो. याउलट मोठ्या हरणाच्या हृदय-फुफ्फुसांचा भाग सुमारे एका वितीचा असतो. मैदानावरील नेमबाज ठरलेल्या जागी, ठरलेल्या अंतरावर, विश्रांत श्वासाने साठ-साठ गोळ्या झाडतो. शिकाऱ्याला दिवसभर चालून, थंडीवाऱ्यात, बहुधा एकच गोळी झाडावयाची असते. म्हणून मैदानाची रायफल जड, जाड नळीची आणि हलक्या चापाची. तर शिकारीची रायफल साडेतीन किलोंच्या आसपास वजनाची, बारीक नळीची आणि काहीशा जड चापाची असते. बारीक नळी चार-पाच गोळ्यांत तापते आणि नेम सरकू लागतो. अतिशय हलका चाप गारठलेल्या किंवा हातमोजा घातलेल्या बोटाखाली नको त्या क्षणी सुटतो.

काडतुसाचेही तेच. मैदानावरील .२२ ची गोळी अडीच ग्रॅमहून थोडी अधिक वजनाची असते. तिचा आवाज थोडा, धक्का जवळजवळ नाहीच. शिकारीच्या थर्टी-ओ-सिक्स काडतुसाचा जोर तिच्या सुमारे पंचवीसपट. .२२ ने मोठे जनावर मारू जाणे म्हणजे त्याला जखमी करून रानात तडफडत सोडणे होय. उलट, थर्टी-ओ-सिक्सने एका बैठकीत चाळीस-पन्नास गोळ्या झाडणाऱ्या नवशिक्याचा खांदा तर दुखतोच. शिवाय चाप ओढण्यापूर्वीच डोळे मिटून दचकण्याची खोड जडते. ही खोड एकदा जडली की सुटता सुटत नाही.

मग मधला मार्ग नाहीच काय? आहे. तो कसा चोखाळावा हे नॉर्वेकडे पाहिले म्हणजे कळते. त्या देशात मोठ्या जनावरांची शिकार करू इच्छिणाऱ्यास दरवर्षी नेमबाजीची परीक्षा द्यावी लागते. आधी तीस गोळ्यांचा सराव, आणि मग १०० मीटरवरील रेनडिअरच्या चित्रावर पाच गोळ्या. पाचही नेमलेल्या भागात बसल्या तरच तो उत्तीर्ण. अर्थात तेथील शिकाऱ्याला मैदान चुकत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नॉर्वे आणि स्वीडन यांनी स्वीकारलेले ६.५×५५ हे काडतूस तेथे मैदानावर आणि रानात, दोन्हीकडे रुळले, ते त्याचा धक्का सौम्य आणि नेम स्थिर असल्यामुळे. परंतु याच देशातील क्लबांसाठी जर्मनीच्या सावर कंपनीने आपल्या २०० या शिकारी रायफलीवरून मैदानी रायफल तयार केली, तेव्हा यंत्र तेच ठेवूनही नळी आणि दस्ता निराळे, जड द्यावे लागले. काडतूस दोन्ही कामांना चालू शकते; मात्र एकच रायफल दोन्हीकडे नेणाऱ्याने कोठेतरी तडजोड केलीच पाहिजे.

ही तडजोड कोणत्या बाजूने करावी, हाच निवडीचा गाभा आहे. आमचे मत स्पष्ट आहे: ती मैदानाच्या बाजूने करावी. मैदानावर नेम चुकला तर एक गुण जातो. रानात चुकला तर मुका जीव यातना भोगतो, आणि क्वचित माणूसही प्राणास मुकतो. म्हणून जी रायफल एखादे वेळी का होईना रानात जाणार आहे, ती आधी शिकारीला योग्य असली पाहिजे. मैदानावर थोडे गुण कमी पडले तरी चालतील.

परदेशस्थ मुलांनी यावरून पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पाठराखणीच्या रायफलीचे काडतूस शक्यतो मुख्य रायफलीचेच असावे, म्हणजे एकीची काडतुसे दुसरीला चालतात. मात्र दुसऱ्या नळीत त्याच काडतुसाचा नेम तोच राहील असे समजू नये. तो स्वतंत्रपणे जुळवून पाहावा. नवे काडतूस निवडावयाचे असल्यास ६.५×५५ किंवा .३०८ यांसारखे मध्यम धक्क्याचे आणि सर्वत्र मिळणारे घ्यावे. त्या देशाच्या कायद्याने त्या जनावरासाठी ठरविलेली किमान ताकद मात्र आधी पाहावी. सुरक्षेची कळ आणि बोल्ट यांची ठेवण दोन्ही रायफलींत सारखी असावी, कारण घाईच्या क्षणी हात सवयीने चालतो. वजन चार किलोंच्या आसपास, नळी मध्यम जाडीची, आणि चाप किलो-सव्वा किलोचा असला म्हणजे दोन्हीकडे निभावते. १०० मीटरवर तीन-चार सेंटिमीटरांत गोळ्या एकवटणारी रायफल या कामाला पुरेशी होय. त्याहून सूक्ष्म नेमासाठी दुप्पट पैसे मोजण्यापेक्षा ते चांगल्या दुर्बिणीत आणि सरावाच्या काडतुसांत घालावेत. सराव स्वस्त गोळ्यांनी केला तरी शिकारीच्या गोळीने नेम पुन्हा जुळवावा, कारण दोन्ही गोळ्या एकाच जागी लागत नाहीत. आणि सराव नेहमी टेबलावर रायफल टेकवून करू नये. उभ्याने आणि गुडघ्यावर बसूनही करावा. रानात टेबल नसते.

आता आपल्या घराकडे वळू. येथे प्रश्नाचा अर्धा भाग कायद्यानेच मिटविला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला आवर घातला आणि १९९१ च्या दुरुस्तीने हौशी शिकार संपविली. शेतात रानडुकरांचा उपद्रव असला तरी रीतसर परवानगीवाचून गोळी झाडता येत नाही. रायफलीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. शिवपुरीचे जे रान एके काळी शिंदे सरकारांचे शिकारीचे राखीव रान होते, त्यातील माधव राष्ट्रीय उद्यान २०२५ च्या मार्चमध्ये व्याघ्र प्रकल्प झाले. तेव्हा ‘वेळप्रसंगी शिकारीलाही उपयोगी’ हा विचार आपल्याकडच्या खरेदीतून काढूनच टाकावा.

राहिली आजोबांची रायफल. ती बहुधा .३१५ ची किंवा थर्टी-ओ-सिक्सची असते. मोठ्या काडतुसांच्या ३०० मीटर स्पर्धा आहेत हे खरे. परंतु शिकाऊ मुलाचा मार्ग तिकडून जात नाही. ४.५ मिलिमीटर नळीच्या आणि वीस ज्यूलपेक्षा अधिक जोर नसलेल्या एअर रायफलीला २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवाना लागत नाही. मुलाची सुरुवात तिने, आणि तीही जाणत्या प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली व्हावी. भोपाळला राज्याची नेमबाजी अकादमी आहे. वर्ष-दोन वर्षांनी गोडी टिकली तर .२२ चा विचार करावा.

येथेच कुटुंबाला एक निर्णय घ्यावा लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रे बाळगता येतात, आणि वारशाने आलेले शस्त्रही त्या दोहोंत मोजले जाते. नामांकित खेळाडूंना अधिक मुभा आहे. पण तेथवर पोहोचेपर्यंत घरातील प्रत्येक शस्त्राने एक जागा अडविलेली असते. मूळ परवानाधारक निवर्तल्यास वारसाने ते शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून स्वतःच्या परवान्यासाठी अर्ज करावा. ‘आमच्या घरातलीच आहे’ हे उत्तर कायद्यापुढे चालत नाही.

आजोबांविषयीचा आदर आम्ही समजू शकतो. परंतु जिचे रान उरले नाही, आणि मैदान जिचे कधीच नव्हते, ती रायफल नातीच्या खांद्याला लावून आदर व्यक्त होत नाही. ती जपावयाची असल्यास रीतसर परवान्याने, कुलपात, काडतुसांपासून वेगळी ठेवून जपावी. नाही तर कायदेशीर मार्गाने तिचा निरोप घ्यावा. नातीच्या हाती मात्र तिच्या वयाला, बळाला आणि तिच्या खेळाला साजेल असेच साधन द्यावे.