संस्था चालवणारी माणसे

कोल्हापुरात दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनात वर्षभर सत्कार होत असतात. फेटा, शाल, श्रीफळ, मानपत्र. सत्कारमूर्ती अनेकदा एखाद्या सामाजिक संस्थेचे संस्थापक असतात. त्यांनी नोकरी सोडली, दागिने विकले, घराकडे पाठ फिरवली, हे ऐकताना सभागृह हेलावते, आणि ते हेलावलेच पाहिजे. पण ही संस्था चालते कशी? महिन्याचा पगार कुठून येतो, कीर्द कोण लिहिते, संस्थापक दोन महिने अंथरुणाला खिळले तर धनादेशावर सही कोण करणार? या प्रश्नांची उत्तरे मानपत्रात नसतात. आपण त्यागाला वंदन करतो आणि कारभाराकडे पाहतही नाही. या दिवाळी अंकाचा विषय निवडताना ही उणीव आमच्या मनात होती.

त्याच चौकात उभे राहून चहूकडे पाहिले तर उत्तराची सुरुवात तिथेच होते. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले. १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग आणि १९०८ मध्ये मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. पुढे जातीजातींच्या वसतिगृहांची रांगच लागली. महाराजांचे द्रष्टेपण आपण पाठ केले आहे. त्यांनी लावलेली घडी मात्र तितकीशी पाहिलेली नाही. जागा, इमारत आणि कायम उत्पन्नाची तरतूद दरबाराची; चालवण्याची जबाबदारी बहुतेक ठिकाणी त्या त्या समाजातल्या कार्यकर्त्यांची. राजा गेला, संस्थान विलीन झाले, तरी बोर्डिंगे उरली. शंभर-सव्वाशे वर्षे कुणीतरी तिथले धान्य मोजले, मुलांची हजेरी घेतली, छपराची कौले परतवली, सभेचे इतिवृत्त लिहिले. त्या रेक्टरांची आणि चिटणिसांची नावे आज कोल्हापुरात किती जणांना सांगता येतील?

आमच्या जिल्ह्यातल्या कुंभोजला जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील तर मराठी माणसाला देव्हाऱ्यातले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी बोर्डिंगातल्या मुलांसाठी मंगळसूत्रही मोडले, ही गोष्ट भाऊरावांच्या रयत शिक्षण संस्थेच्या शाळेत शिकलेल्या प्रत्येकाने ऐकली आहे. डोळे भरून यावेत अशीच ती आहे. पण मंगळसूत्र एकदाच मोडता येते आणि मुले रोज दोन वेळा जेवतात. भाऊरावांचे मोठेपण आम्हाला या रोजच्या जेवणाच्या व्यवस्थेत अधिक दिसते.

१९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था निघाली आणि १९२४ मध्ये तिचे ठाणे साताऱ्याला आले. त्याआधी भाऊराव काय करत होते? ओगले आणि किर्लोस्करांचा माल गावोगाव खपवत होते. किर्लोस्करांचा लोखंडी नांगर घेऊन फिरणाऱ्या विक्रेत्याला कळते की कुठल्या गावात कुणाचा शब्द चालतो, सुगीनंतर कुणाच्या हातात पैसा खेळतो आणि कुणाकडे नुसतेच आश्वासन मिळते. बोर्डिंगसाठी घरोघरी मूठमूठ धान्य गोळा करण्याची मुष्टिफंडाची योजना अशाच माणसाला सुचते. शिधा एका सावकाराकडून न येता शेकडो घरांतून आला, म्हणून बोर्डिंग कुणा एकाच्या मेहेरबानीवर राहिले नाही. ‘कमवा आणि शिका’ हे आज आपण तत्त्वज्ञान म्हणून सांगतो. ती संस्थेच्या जमाखर्चाची मांडणीही होती. मुलगा शेतात, बागेत, बांधकामावर राबला की त्याच्या शिक्षणाचा भार हलका होई आणि त्याला दानाचे ओझेही वाटत नसे. बोर्डिंगचे स्वयंपाकघर लक्ष्मीबाईंनी सांभाळले. वेगवेगळ्या जातींची मुले एका पंगतीला बसवायची, आणि तेही त्या काळात, हे काम भाषणांपेक्षा कठीण होते. १९३० मध्ये त्या गेल्या. त्यांची आठवण आपण दागिने देणारी माउली म्हणून ठेवली, पण त्या संस्थेच्या पहिल्या व्यवस्थापकांपैकी होत्या हे सांगायचे विसरलो.

गांधीहत्येनंतरच्या काळात भाऊरावांनी मुंबईच्या खेर सरकारवर टीका केल्याच्या रागातून रयतचे अनुदान बंद झाले. सरकारी पैशावरच उभी असलेली संस्था अशा वेळी एका वर्षात मोडली असती. रयत तगली ती गावांच्या पाठबळावर आणि शिक्षकांच्या निष्ठेवर. गाडगेबाबांनीही भाऊरावांची बाजू घेतली. अनुदान पुढे पुन्हा सुरू झाले. उत्पन्नाची वाट एकच नसावी, हा धडा भाऊरावांनी परीक्षेच्या वेळी पाठ करायला घेतला नव्हता. तो वीस-पंचवीस वर्षे आधीपासून अंगात मुरवलेला होता.

दुसरी फळी कशी उभी राहते तेही रयतकडूनच शिकावे. भाऊरावांनी आजीव सेवकांची पद्धत आणली आणि शिक्षकांना संस्थेच्या निर्णयांत जागा दिली. बोर्डिंगात वाढलेले पी. जी. पाटील बॅरिस्टर होऊन परतले, रयतच्या कामात राहिले आणि पुढे आपल्या शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. तरुणपणी साताऱ्यात प्राध्यापक असताना ‘कमवा आणि शिका’चे काम पाहिलेले एन. डी. पाटील सर पुढे अनेक वर्षे रयतचे चेअरमन होते. १९५९ मध्ये कर्मवीर गेले तेव्हा रयतची तीन महाविद्यालये आणि शंभरावर माध्यमिक शाळा होत्या. आज शाखा सातशेहून अधिक आहेत. संस्थापकाच्या पश्चात संस्था इतकी वाढावी, हा त्यांच्या कारभाराला मिळालेला सर्वांत मोठा पुरस्कार आहे असे आम्ही मानतो. १९५९ च्या पद्मभूषणापेक्षाही मोठा.

आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक यांचे उदाहरण याहून वेगळे आणि आमच्या मुद्द्याला अधिक जवळचे. १९६४ ते १९६६ या काळात देशाच्या शिक्षणाचा विचार करणाऱ्या आयोगाला आपण कोठारी आयोग म्हणतो. ते योग्यच आहे, डॉ. दौलतसिंह कोठारी त्याचे अध्यक्ष होते. पण सदस्य-सचिव नाईक होते. कागद जमवणे, बैठकांची सूत्रे जुळवणे, शेकडो साक्षींतून मुद्दा वेचणे आणि त्या सगळ्याला एका अहवालाचा आकार देणे, या कामाची सर्वांत मोठी धुरा त्यांनी वाहिली. १९६९ मध्ये भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद स्थापन झाली तेव्हा अध्यक्ष धनंजयराव गाडगीळ होते आणि सदस्य-सचिव पुन्हा नाईकच. त्यांनी स्वतः १९४८ मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन काढली, गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत व्ही. टी. पाटलांना साथ दिली. युनेस्कोने जगातल्या शिक्षणचिंतकांची चरित्रमाला काढली तेव्हा गांधी आणि टागोरांबरोबर या माणसालाही स्थान दिले. कोल्हापुरात मात्र त्यांचे नाव शिक्षणक्षेत्राबाहेर फारसे ऐकू येत नाही. सचिवाची खुर्ची ही अशीच असते. पाटीवर नाव अध्यक्षाचे, आणि काम बिनसले तर जाब सचिवाला. ज्याला ही खुर्ची आयुष्यभर मनापासून पेलता येते तो माणूस दुर्मीळ, आणि आपल्या सार्वजनिक जीवनात त्याचीच सर्वांत जास्त टंचाई आहे.

कोल्हापूरच्याच नसीमा हुरजुक यांचे ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन मराठी वाचकांनी भरभरून वाचले. ऐन तारुण्यात कमरेखालचे शरीर लुळे पडल्यावरची त्यांची जिद्द आपल्याला ठाऊक आहे. ते पुस्तक संस्था उभारणीसाठी पुन्हा वाचावे, असा आमचा आग्रह आहे. सरकारी कार्यालयात नोकरी करत असतानाच त्या अपंगांच्या कामात उतरल्या आणि १९८४ मध्ये सहकाऱ्यांसह ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था सुरू केली. अपंग मुलाला शोधून त्याच्यावर शस्त्रक्रिया करवली, कॅलिपर दिले, तर अनेक संस्थांच्या लेखी काम संपते. इथे ते सुरू झाले. कॅलिपर लावलेला मुलगा राहणार कुठे? म्हणून वसतिगृह. शिकणार कुठे? म्हणून शाळा. शिकून पोट कसे भरणार? म्हणून सिंधुदुर्गात कुडाळ तालुक्यात ‘स्वप्ननगरी’ आणि तिथला काजूप्रक्रियेचा उद्योग. एका गरजेचे उत्तर मिळाले की त्याच्या मागे उभी असलेली पुढची गरज पाहायची, आणि तिथपर्यंत पोहोचण्याची तयारी ठेवायची, ही नेतृत्वाची फार मोठी कसोटी आहे. सहानुभूतीवर ती पार होत नाही. ओटा किती उंचीचा हवा, संडासाचे दार किती रुंद हवे, चाकाची खुर्ची वळायला किती जागा लागते, असल्या प्रश्नांत रोज डोके घालावे लागते.

शेजारच्या बांगलादेशातले एक उदाहरण कोल्हापूरकरांना विशेष रुचेल, कारण त्यात गूळ आहे. फझले हसन आबेद यांनी १९७२ मध्ये ‘ब्रॅक’ ही संस्था काढली. ते शिक्षणाने हिशेबनीस, शेल कंपनीत अर्थविभाग सांभाळलेले. जुलाबाने मुले मरत होती. १९८० पासून ब्रॅकच्या कार्यकर्त्या घरोघर जाऊन आयांना शिकवू लागल्या: तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. इथपर्यंत कुणीही पोहोचले असते. पुढची गोष्ट आबेद यांची. कार्यकर्तीचा मोबदला तिने किती घरे केली यावर ठरत नसे. काही दिवसांनी तपासनीस त्यांतल्या काही घरी जाई आणि आईला किती आठवते ते विचारी. जितके आईच्या लक्षात, तितका कार्यकर्तीचा मोबदला. कार्यकर्त्या मग आईसमोर बसून तिच्याकडून द्रावण करवून घेऊ लागल्या. दहा वर्षांत एक कोटीहून अधिक घरे झाली. एका हिशेबनिसाने मोबदल्याचा नियम नेमका केला आणि असंख्य लेकरे वाचली. २०१९ मध्ये, मृत्यूच्या काही महिने आधी, आबेद यांनी पद सोडून संस्था पुढच्यांच्या हाती दिली.

आपल्याकडे हे शेवटचे पाऊलच अडते. धर्मादाय कार्यालयात जाऊन बसावे, म्हणजे वर्षानुवर्षे रखडलेले विश्वस्तबदलाचे चेंज रिपोर्ट आणि विश्वस्तांचे दोन-दोन गट पाहायला मिळतात. संस्थापक थकतो, पण खुर्ची सोडत नाही. सोडतो ती मुलाकडे किंवा सुनेकडे. वीस वर्षे राबलेला कार्यवाह बाहेरच्या बाकावर बसतो. ही घराणेशाही राजकारणात असली की आपण संतापतो आणि समाजकार्यात असली की तिला वारसा म्हणतो. हे थांबले पाहिजे.

दात्यांचाही यात वाटा आहे. वर्गखोलीवर आईवडिलांच्या नावाची फरशी बसते म्हणून तिला देणगी मिळते. हिशेब लिहिणाऱ्याच्या पगारावर फरशी बसवता येत नाही. परदेशी देणग्यांच्या कायद्यातही २०२० साली प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीसवर आणली गेली. खर्चाला शिस्त हवीच, पण कार्यालय म्हणजे उधळपट्टी ही समजूत चुकीची आहे. आपल्याच शहरात चार्टर्ड अकाउंटंट असलेल्या ए. डी. शिंदे यांनी उभी केलेली ‘सायबर’ ही शिक्षणसंस्था दरवर्षी समाजकार्याचे पदवीधर घडवते. त्यांतली किती मुले संस्थांत टिकतात? पहिल्याच मुलाखतीत ‘पगाराचे काय घेऊन बसलात, सेवा म्हणून करा’ हे ऐकल्यावर ती कंपन्यांकडे वळतात, आणि त्यांना दोष देण्याचा आपल्याला अधिकार नाही. पोटापुरता पगार, रजा आणि निर्णयाचा हक्क दिल्याशिवाय उद्याचा कार्यवाह मिळणार नाही.

सत्कार जरूर करा. पण मानपत्र लिहिण्याआधी मागच्या तीन वर्षांचे ताळेबंद मागवा. संस्थापकाबरोबर व्यवस्थापकालाही व्यासपीठावर बोलवा आणि त्याला बोलू द्या. संस्थेने कुठला उपक्रम बंद केला आणि का, हे विचारा. नको ते काम बंद करायला जास्त धाडस लागते. या अंकातल्या लेखांत आम्ही हेच प्रश्न धरून ठेवले आहेत.

पाडव्याला नवी वही पुजून झाली की ज्या संस्थेला दरवर्षी काही देता, तिला यंदाही द्या. पावतीवर मात्र ‘कर्मचारी वेतन आणि कार्यालयीन खर्चासाठी’ असे आवर्जून लिहून घ्या, आणि पुढच्या वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस तुमच्या पत्त्यावर पाठवायला सांगा. सभेला जा.