तालुक्याच्या बातमीला विश्वस्त हवेत



तालुक्याच्या गावी निघणारे कोणतेही साप्ताहिक हातात घ्या आणि शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेला मजकूर वाचा. मालक, मुद्रक, प्रकाशक आणि संपादक ही चारही पदे बहुधा एकाच व्यक्तीच्या नावावर असतात. मजकुराची जबाबदारी कोणाची हे वाचकाला कळावे म्हणून १८६७ च्या कायद्याने असा उल्लेख सक्तीचा केला. आज त्यातून आणखी एक गोष्ट कळते: आपल्या तालुक्याच्या बातमीचा सगळा भार एका माणसावर आहे. नगरपालिकेच्या सभेला तोच जातो, साखर कारखान्याची जाहिरात तोच आणतो, नेत्याच्या वाढदिवसाची पुरवणी तोच काढतो आणि अब्रुनुकसानीची नोटीस आली की वकीलही तोच शोधतो. ज्याच्याकडून जाहिरात घ्यायची त्याच्याच कारभारावर लिहायचे, हा पेच त्याला एकट्याने सोडवावा लागतो. तो सुटत नाही तेव्हा आपण त्या माणसाला दोष देतो. दोष रचनेत आहे आणि ती बदलणे आपल्या हातात आहे. म्हणून हे आवाहन आहे. आपल्या तालुक्यात ना-नफा तत्त्वावर चालणारी, नागरिकांच्या मालकीची वृत्तसंस्था उभी करू या. तिला वर्गणी द्याच, पण त्याआधी तिचे नेतृत्व करायला, म्हणजे विश्वस्त म्हणून जबाबदारी घ्यायला पुढे या.

हे आताच का, असे कोणी विचारील. महाराष्ट्रात ३६ जिल्हे, साडेतीनशेहून अधिक तालुके आणि २७ हजारांहून जास्त ग्रामपंचायती आहेत. पाणीयोजना, रस्ते, शाळाखोल्या, घरकुले यांवरचा पैसा याच पातळीवर खर्च होतो, आणि पत्रकारितेचा हात सर्वांत आखडलेला असतो तोही इथेच. मोठ्या दैनिकांचे ग्रामीण वार्ताहर बहुतांशी तुटपुंज्या मानधनावर काम करतात आणि बातमीबरोबर जाहिरातीचे उद्दिष्टही त्यांच्या गळ्यात असते. २०२२ पासून राज्यातल्या बहुतेक महापालिका आणि अनेक नगरपालिका दीर्घकाळ प्रशासकांच्या हाती राहिल्या. सभागृहात प्रश्न विचारणारा नगरसेवकच नव्हता. अशा वेळी निविदा वाचणारा, ठरावाची प्रत मागणारा, माहिती अधिकाराचा अर्ज करून उत्तराचा पाठपुरावा करणारा वार्ताहर हाच नागरिकांचा एकमेव प्रतिनिधी उरतो. तो पूर्ण वेळ, पगारी आणि निर्भय असावा असे वाटत असेल, तर त्याच्या पाठीशी संस्था हवी.

संस्था म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर इमारत, छपाईयंत्र, कॅमेरे येतात. वृत्तसंस्थेचे भवितव्य मात्र तिच्या शिरोभागी बसलेल्या माणसांवर ठरते, कारण तीन निर्णय तीच घेतात: पैसा कोणाकडून घ्यायचा आणि कोणाचा नाकारायचा, संपादक कोण असावा, आणि दबाव आल्यावर त्याच्या पाठीशी उभे राहायचे की नाही. हे तीन निर्णय चुकले तर उत्तम वार्ताहरही काही करू शकत नाही. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्राने हे पाहिले. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या दैनिकांत उमेदवारांची स्तुती करणारा शब्दशः सारखा मजकूर बातमी म्हणून छापून आला. पत्रकार पी. साईनाथ यांनी तो प्रकार उघडकीस आणला, आणि भारतीय वृत्तपत्र परिषदेच्या दोन सदस्यांच्या उपसमितीने २०१० मध्ये पेड न्यूजवर, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांवर, सविस्तर अहवाल दिला. असा व्यवहार कोपऱ्यातल्या वार्ताहराच्या मर्जीने होत नसतो. त्याला वरून परवानगी लागते, आणि वर बसलेल्यांनी नकार दिला तर तो थांबतो.

वर बसलेल्यांनी नकार दिल्याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. मँचेस्टरच्या ‘गार्डियन’चे मालक जॉन स्कॉट यांनी १९३६ मध्ये आपला सगळा आर्थिक हक्क सोडला आणि पत्र एका न्यासाच्या स्वाधीन केले. वारसाकराच्या ओझ्याखाली ते विकावे लागू नये आणि त्याचे संपादकीय स्वातंत्र्य टिकावे, हा त्यामागचा हेतू होता. साठच्या दशकाच्या मध्यात पत्र तोट्यात आले, तेव्हा ते चालवणाऱ्या कंपनीच्या अध्यक्षांनीच ते लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये विलीन करण्याचा प्रस्ताव पुढे नेला. न्यासाचे प्रमुख रिचर्ड स्कॉट आणि संपादक अ‍ॅलिस्टर हेदरिंग्टन यांनी त्याला विरोध केला, आणि पत्र वाचले. हिशेब विलीनीकरणाच्या बाजूने होता, हेतू विरुद्ध बाजूने. हेतूची राखण करणारे कोणीतरी नेमलेले होते, म्हणून तो टिकला. आपल्या देशातही ही कल्पना परकी नाही. सरदार दयालसिंग मजिठिया यांनी १८८१ मध्ये लाहोरला ‘ट्रिब्यून’ सुरू केला आणि मृत्युपत्राने तो विश्वस्तांच्या हाती सोपवला. फाळणीत लाहोर सुटले, पत्र सीमेच्या अलीकडे आले, आणि आजही ते एका न्यासामार्फतच चालते.

मराठीतली दोन उदाहरणे आपल्याला अधिक जवळची आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ काढले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यासाठी २,५०० रुपयांचे साहाय्य केले. ज्या समाजाला तत्कालीन पत्रांत जागा नव्हती त्याचे ते स्वतःचे पत्र होते. त्याच वर्षी बाबासाहेब अपुरे राहिलेले शिक्षण पूर्ण करायला लंडनला गेले आणि १९२३ मध्ये ‘मूकनायक’ बंद पडले. वाचकवर्ग गरीब होता, जाहिराती मिळत नव्हत्या, जातीचा अडसर पावलोपावली होता. ही कारणे खरीच आहेत, आणि त्या काळात त्या पत्रामागे भक्कम न्यास उभा राहणे किती अवघड होते हेही उघड आहे. तरीही धडा घ्यावाच लागतो: पत्राचा प्राण एका थोर व्यक्तीत असेल, तर ती व्यक्ती दूर जाताच पत्र धोक्यात येते. दुसरे उदाहरण ‘साधना’चे. साने गुरुजींनी १५ ऑगस्ट १९४८ रोजी हे साप्ताहिक सुरू केले आणि दोन वर्षांच्या आत, ११ जून १९५० रोजी, गुरुजी गेले. पुढे ज्यांनी ते सांभाळले त्या संपादकांपैकी डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. दोन्ही आघातांनंतर साप्ताहिक निघत राहिले, कारण त्यामागे न्यास होता, सहकारी होते आणि पुढचा संपादक कोण हे ठरवण्याची रीत होती.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप सर्वांत गंभीर आहे. ‘विश्वस्त मंडळ केले की तिथेही तेच पुढारी येऊन बसणार. पतसंस्था, शिक्षणसंस्था, बाजार समिती यांचे काय झाले ते आम्ही पाहतोच आहोत.’ ही भीती अनाठायी नाही. म्हणून संस्थेची घटना लिहितानाच दारे बंद करावी लागतात. राजकीय पक्षाचा पदाधिकारी, निवडणुकीचा उमेदवार आणि स्थानिक स्वराज्य संस्थेचा ठेकेदार विश्वस्त होऊ शकणार नाही, असे कलम हवे. कार्यकाळ तीन वर्षांचा असावा आणि कोणालाही दोनपेक्षा अधिक वेळा निवडता येऊ नये. एका कुटुंबातून एकच विश्वस्त असावा. निम्म्या स्त्रिया असाव्यात, आणि वस्ती, वाडा, तांडा, पाडा यांचे प्रतिनिधी नावापुरते न घेता निर्णयाच्या जागी असावेत. २००६ च्या सामुदायिक रेडिओ धोरणात केंद्र सरकारनेच अशी अट घातली की रेडिओ केंद्राची मालकी आणि व्यवस्थापन ज्या समुदायासाठी ते चालते त्याचे प्रतिबिंब दाखवणारे असावे. त्याच धोरणाने या केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा मात्र नाकारली. समुदायाने माध्यम चालवावे हे तत्त्व मान्य झाले, बातमीचे काम उरले. ते आपण मुद्रित आणि डिजिटल मार्गाने पूर्ण करू शकतो.

दुसरा आक्षेप असा की विश्वस्तही चुकतात. नक्कीच चुकतात. ‘गार्डियन’च्याच न्यासाने २०२४ च्या अखेरीस ‘ऑब्झर्व्हर’ हे १७९१ पासूनचे रविवारपत्र विकायला मान्यता दिली, तेव्हा तिथल्या पत्रकारांनी संप केला. तो निर्णय योग्य की अयोग्य यावर दुमत असू शकते. पण निर्णय कोणी घेतला हे सर्वांना ठाऊक होते, त्यांना जाब विचारता आला आणि वाद उघड्यावर झाला. एकट्या मालकाच्या पत्रात विक्रीची बातमी वाचकाला विक्रीनंतर कळते. विश्वस्तांवर अंकुश ठेवण्याची साधने आपल्या कायद्यात आहेत. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेल्या न्यासाला हिशेबांची तपासणी करून घ्यावी लागते आणि विश्वस्त बदलला तर ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. कंपनी कायद्याच्या कलम ८ खाली ना-नफा कंपनी काढली, तर सभासदांना लाभांश वाटता येत नाही. यापुढची शिस्त आपण स्वतः घालून घ्यावी: प्रत्येक देणगीदाराचे नाव जाहीर, वार्षिक सभा सर्व वर्गणीदारांना खुली, आणि एक ठळक लेखी नियम की विश्वस्त संपादकाची नेमणूक करतील, कारणे देऊन त्याला दूरही करू शकतील, पण प्रसिद्ध होण्यापूर्वी एकही बातमी मागवून वाचणार नाहीत. चांगल्या विश्वस्ताची परीक्षा याच नियमावर होते. आपल्या ओळखीच्या माणसाविरुद्धची बातमी त्याला इतर वाचकांबरोबरच कळली पाहिजे.

तिसरा आक्षेप पैशाचा. बाहेरून निधी आणू, ही वाट बंद आहे हे आधी स्पष्ट असू द्या. परदेशी अंशदान नियमन कायदा, २०१० च्या कलम ३ नुसार नोंदणीकृत वृत्तपत्राचे संपादक, मालक, प्रकाशक, तसेच इलेक्ट्रॉनिक माध्यमातून बातम्या देणाऱ्या संस्था परदेशी देणगी घेऊ शकत नाहीत. सरकारी जाहिरातीवर विसंबलो तर सरकारविरुद्ध लिहिताना हात थरथरणार. उरतो तो वाचक. साधा हिशेब करू. दोन हजार कुटुंबांनी महिन्याला ५० रुपये दिले तर महिन्याला १ लाख आणि वर्षाला १२ लाख रुपये जमतात. त्यात श्रीमंती थाट होणार नाही, पण दोन-तीन पूर्ण वेळ वार्ताहर, एक संपादक आणि कायदेशीर लढाईसाठी बाजूला ठेवलेली थोडी रक्कम, एवढे काटकसरीने बसू शकते. लाखभर लोकसंख्येच्या तालुक्यात दोन हजार कुटुंबे ही अशक्य संख्या नाही. ती विश्वासाशिवाय मिळणार नाहीत, आणि तो विश्वास शिरोभागी कोण बसले आहे हे पाहूनच दिला जातो. म्हणून आधी विश्वस्त, मग वर्गणी, हा क्रम उलटू नये.

चौथा आक्षेप: व्हॉट्सअ‍ॅपवर सगळे कळते, मग संस्था कशाला? व्हॉट्सअ‍ॅपवर अपघाताचा फोटो दहा मिनिटांत येतो. तो रस्ता कोणी बांधला, ठेकेदारावर दुरुस्तीची जबाबदारी असलेला दोषदायित्व कालावधी संपला होता का, बिल कोणाच्या सहीने निघाले, हे शोधायला दहा दिवस लागतात, आणि ते दहा दिवस कोणाला तरी पगार द्यावा लागतो. चुकीची माहिती पसरली तर ग्रुपवर दुरुस्ती छापायला बांधील असे कोणी नसते. वृत्तसंस्थेत ते बंधन संपादकावर असते आणि संपादकाने ते पाळले की नाही हे विश्वस्त पाहतात.

शेवटचा आक्षेप फारसा बोलून दाखवला जात नाही, तो भीतीचा. फेब्रुवारी २०२३ मध्ये राजापूरला, रिफायनरी प्रकल्पाशी संबंधित बातम्या देणारे पत्रकार शशिकांत वारिशे यांच्या दुचाकीला गाडीने चिरडले आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. या प्रकरणी खुनाचा गुन्हा दाखल झाला. पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्धचा कायदा महाराष्ट्राच्या विधिमंडळाने २०१७ मध्येच मंजूर केला होता. कायदा गुन्ह्यानंतर येतो. गुन्ह्याआधी जे संरक्षण लागते ते एकटेपणा संपल्याने मिळते. बातमीमागे निवृत्त मुख्याध्यापिका, डॉक्टर, शेतकरी संघटनेची कार्यकर्ती, अंगणवाडी सेविका, वकील, दुकानदार अशी गावाने ओळखलेली नऊ-दहा माणसे नावानिशी उभी असतील, तर धमकी देणाऱ्याला एका माणसाशी नव्हे, अख्ख्या तालुक्याशी भांडावे लागते. भीती वाटणे स्वाभाविक आहे. ती वाटून घेतली तर पेलते.

म्हणून ज्यांना हिशेब कळतो, ज्यांना कायदा कळतो, ज्यांच्या शब्दाला वस्तीत मान आहे, आणि ज्यांना कोणाकडूनही ठेका, तिकीट किंवा पद नको आहे, अशा प्रत्येकाला ही विनंती आहे. पत्रकारितेचे शिक्षण नाही म्हणून मागे राहू नका. लिहिण्याचे काम पत्रकार करतील, तुम्हाला त्यांच्यासाठी ठाम उभे राहायचे आहे. मुंबई-पुण्यात, बेळगावात, गोव्यात किंवा परदेशात असलेल्या मंडळींनी आपल्या मूळ तालुक्यातल्या विश्वासू माणसांची नावे सुचवावीत. भारतीय नागरिक असलेल्यांनी आपल्या इथल्या कमाईतून वर्गणीदारही व्हावे. येत्या महिन्याभरात आपल्या गावच्या वाचनालयात किंवा शाळेत दहा जणांची बैठक बोलवा, घटनेचा मसुदा समोर ठेवा आणि पहिले नाव स्वतःचे लिहा.