चामोटा निवडताना

द्वितीय वर्ष, कला शाखा

आपल्या वार्षिकात मुळशी म्हटले की सेनापती बापट, १९२१ चा सत्याग्रह आणि धरणाखाली गेलेली गावे यांवर एखादा तरी लेख येतोच. तो यायलाच हवा. मी मात्र यंदा तीन वीत लांबीच्या एका चामड्याच्या पट्ट्यावर लिहिणार आहे. या पट्ट्याला चामोटा म्हणतात. माझ्या वर्गातल्या मित्रांपैकी हा शब्द दोघांनाच ठाऊक निघाला, आणि त्यातल्या एकाला ते पोरांना बडवायचे साधन वाटत होते. (तसाही उपयोग होत असे, ते वेगळे.)

न्हाव्याच्या धोकटीत वस्तरा, कातर, नराणी, आरसा, पाण्याची वाटी आणि धार लावायचा दगड यांच्या जोडीला चामोटा असे. दगडाने धार निघते, पण ती खरखरीत. शिवाय वस्तऱ्याची अगदी टोकाची कड इतकी पातळ असते की एका दाढीतच ती जागोजाग मुडपते. ती पुन्हा सरळ करून गुळगुळीत करणे हे चामोट्याचे काम. वस्तरा त्यावर सपाट टेकवायचा आणि पाठ पुढे, धार मागे असा ओढायचा. टोकाला पोचले की पाठीवर उलटवायचा आणि परत यायचे. धारेवर उलटवला की चामोटा चिरला आणि धारही गेली. दर दाढीआधी असे वीस-तीस हात नीट मारले, तर दगडाची आठवण महिनोन्महिने होत नाही.

माझ्या आजोबांनी या पट्ट्याचे एक टोक पायाच्या अंगठ्यात धरून धरणाकाठच्या वाड्यांवर आयुष्यभर दाढ्या केल्या. मोबदला भाताचा, तोही सुगीनंतर. वडिलांचे रस्त्यालगत दोन खुर्च्यांचे दुकान आहे आणि तिथे चामोटा नाही. किंग जिलेटला १९०४ साली अमेरिकेत सुट्या पात्याच्या वस्तऱ्याचे पेटंट मिळाले, पण आमच्या धंद्यात ते पाते उशिरा शिरले. एड्सची आणि काविळीची भीती पसरली तेव्हा अर्धे पाते वस्तऱ्यात घालायचे आणि गिऱ्हाईक उठले की टाकून द्यायचे ही रीत कायमची झाली. हे झाले ते योग्यच झाले. एकच वस्तरा दहा गालांवरून फिरवण्याचे समर्थन मी करणार नाही.

मग चामोट्याचे आज काय? गंमत अशी की पुण्या-मुंबईकडे काही तरुण मंडळी आता स्वतःपुरता जुना वस्तरा बाळगून घरी दाढी करू लागली आहेत, आणि त्यांना चामोटा हवा असतो. तोही साधा नव्हे, आपल्या मापाने करवून घेतलेला, वर नावाची अक्षरे उमटवलेला. परदेशी कारागिरांकडून ते तो हजारो रुपये मोजून मागवतात. अशांपैकी दोघे-तिघे दुकानात चौकशी करून गेले. वडील हसले. आजोबा हसले नाहीत. त्यांनी आधी वस्तरा बघायला मागितला.

माझ्या मते निवडीची सुरुवात तिथूनच व्हायला हवी. वस्तऱ्याचे पाते साधारण तीन इंचांचे असते. चामोटा तेवढाच रुंद असला तर पाते सरळ ओढता येते. दोन इंची असला तर तिरपा हात बसवावा लागतो, म्हणजे पात्याची दोन्ही टोके सारखी घासली जातात. जुन्या माणसांना हा तिरपा हात उपजत असे; नवख्याने रुंद घ्यावा. लांबी दीड फुटाहून कमी नको. एका अंगाला जाड सुती किंवा तागाचा पट्टा जोडून घ्यावा. आधी त्यावर आणि मग चामड्यावर असा क्रम. आणि पहिला चामोटा महागाचा मुळीच घेऊ नये, कारण तो चिरला जाणारच.

चामडे कोणते हा खरा प्रश्न. जनावराच्या पाठीचे घ्यावे. पोटाकडचे सैल असते, ताणले की लांबते आणि मध्ये झोळ पडतो. झोळ पडलेल्या पट्ट्यावर धार गोल होते. गोचिडाचे डाग, काट्याचे ओरखडे, सुरीचे घाव नसावेत. हल्लीच्या कारखान्यांत बरेचसे चामडे क्रोम क्षारांनी काही तासांत कमावतात. ते मऊ आणि लवचीक असते, पिशव्यांना चांगले. चामोट्याला मात्र साली-फळांनी सावकाश कमावलेले ताठ चामडे हवे. आपल्याकडे त्यासाठी बाभळीची साल आणि हिरडा वापरतात. कोल्हापुरी चपलेचे चामडे असेच तयार होते. हिरड्यासाठी तर दूर जायला नको, तो आपल्या सह्याद्रीतलाच. २०१५ च्या कायद्यानंतर महाराष्ट्रात बैलाचे चामडे मिळणे अवघड झाले आहे, म्हशीचे मिळते. त्याचा रवा जाड, म्हणून वरची बाजू चांगली घोटून घेतलेली असावी. शेवटी वस्तरा टेकवून एकदा ओढून पाहावे. तो काचेवरून गेल्यासारखा निसटला तर चामडे निर्जीव आहे. हाताला किंचित ओढ लागली पाहिजे. ही ओढ जाहिरातीतल्या चित्रावरून कळणार कशी?

म्हणून माझे म्हणणे असे की चामोटा मागवू नये, कारागिराकडे जाऊन करवून घ्यावा. आणि हा कारागीर कोण, याचा विचार करू लागलो की माझ्या लेखाची वाट अवघड होते.

कातडे कमावणारा ढोर समाजातला, पट्टा कापून शिवणारा चर्मकार. बलुतेदारांच्या याद्या गावोगाव वेगळ्या आहेत, पण एका नेहमीच्या यादीत मधल्या ओळीत कुंभार, चांभार, परीट आणि न्हावी अशी चौघांची नावे शेजारी शेजारी येतात. कागदावर शेजारी, गावात नाही. चर्मकाराने केलेला चामोटा न्हाव्याच्या धोकटीत दिवसभर चाले, त्यावर वस्तरा शंभरदा फिरे, पण तोच वस्तरा त्या चर्मकाराच्या गालाला लागत नसे. महार-मांगांचीही तीच गत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे की लहानपणी साताऱ्यात न्हावी पुष्कळ असूनही त्यांचे केस थोरली बहीण कापीत असे. आमच्याच घराण्यातले लोक पाटलाची म्हैस भादरत, असे आजोबा सांगतात. म्हैस चाले, तिचे कातडे चाले, ते कमावणारा माणूस चालत नसे. १९५५ साली अस्पृश्यतेविरुद्ध कायदा झाला तरी आमच्या भागात ही रीत लगेच सुटली नाही. आजोबांना विचारले, तर ते एवढेच म्हणतात, “गावानं बलुतं बंद केलं असतं.” हे खोटे नाही. न्हाव्याचे पोट त्याच गावाच्या खळ्यावर होते. पण ते पुरेसेही नाही.

आमच्या समाजाच्या सभांतून १८९० ची गोष्ट अभिमानाने सांगितली जाते. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत नाभिक एकत्र आले आणि विधवांचे केशवपन करणार नाही असे त्यांनी ठरवले. गोष्ट अभिमानाचीच आहे. हातावर पोट असलेल्या माणसांनी मोठ्या घरांना नकार दिला. पण ज्यांना तो नकार देता आला, त्यांनी दुसराही एक नकार पिढ्यान्‌पिढ्या दिला होता, आणि त्याबद्दल सभेत कोणी बोलत नाही. मला वाटते, दोन्ही नकार एकाच व्यासपीठावरून सांगितले पाहिजेत. वडीलधाऱ्यांना हे रुचणार नाही, याची मला कल्पना आहे.

वसतिगृहातल्या एका मित्राशी यावर माझा वाद झाला. तो चर्मकार समाजातला आहे. त्याचे म्हणणे, ही सगळी अवजारे जातीने बरबटलेली आहेत. चामोटा, रापी, आरी सारे संग्रहालयात ठेवा आणि आपण दोघे स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करू. त्याचा मुद्दा मी झटकून टाकणार नाही. ज्याने कातड्याच्या कुंडाचा वास लहानपणी घेतला आहे, त्याला कारागिरीचे कौतुक सांगणे सोपे नाही. तरीपण मला असे वाटते की हुन्नर टाकून दिला की तो नाहीसा होत नाही. तो दुसऱ्याच्या नावावर जमा होतो. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले होते, तरी जून २०२५ मध्ये मिलानच्या प्रदर्शनात प्राडा कंपनीच्या चपला तशाच दिसल्या आणि कोल्हापूरचे नाव कुठेच नव्हते. इकडे आरडाओरड झाली तेव्हा कंपनीने मूळ मान्य केले. हिरड्या-बाभळीत कमावलेल्या चामड्याची किंमत आपल्याला कळायला इटलीचा दिवा लागावा?

तेव्हा ज्याला चामोटा हवा आहे त्याने वस्तरा बरोबर घेऊन चर्मकाराच्या दुकानी जावे. तीन इंच रुंदी, पाठीचे चामडे, घोटलेली बाजू वर, एका टोकाला कडी, एवढे सांगावे आणि समोर बसून काम पाहावे. घासाघीस करू नये. परदेशी पट्ट्याला जे मोजले असते त्याच्या निम्मे तरी हातावर ठेवावेत, आणि ते रोख. सुगीनंतरचा वायदा नको. अक्षरे उमटवायचीच असतील तर स्वतःची न उमटवता करणाऱ्याची उमटवून घ्यावीत. आमच्या आजोबांच्या चामोट्यावर कुणाचेच नाव नाही. तो कुणी केला हे मी तीनदा विचारले. गाव आठवते, माणूस आठवत नाही.

घरी आणल्यावर तो घडी घालून ठेवू नये, कडीला टांगावा. तेल चोपडू नये. रोज तळहाताने घासला की तळहाताची ऊब आणि स्निग्धता त्याला पुरते. आपल्याकडच्या पावसाळ्यात त्यावर आठवडाभरात पांढरी बुरशी धरते. ती कोरड्या फडक्याने पुसून चामोटा वाऱ्याला लावावा. चुलीजवळ टांगला तर तडकतो.