नाकारलेला करार आणि कपाशी

४ नोव्हेंबर २०१९ रोजी बँकॉक येथे भारताने ‘आरसेप’ या आशियाई व्यापारगटाच्या वाटाघाटींतून अंग काढून घेतले, त्याचा वाद अजून शमलेला नाही. शेतकरी व दुग्धव्यावसायिकांच्या संघटना त्यास विजय मानतात. मोठी बाजारपेठ आपणच गमावली, असे कित्येक अर्थतज्ज्ञ म्हणतात. सातपुड्याच्या पायथ्याशी, सोनाळ्याच्या शिवारातून पाहता दोन्ही पक्षांचे बोलणे अपुरे वाटते. करार टळला म्हणून परदेशी रुई थांबली काय? त्याच गटातील ऑस्ट्रेलियाशी केलेला स्वतंत्र करार डिसेंबर २०२२ मध्ये अमलात आला आणि दरसाल ५१,००० टन रुईस बिनशुल्क वाट मिळाली. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये रुईवरील ११ टक्के आयातशुल्क सरकारने आपल्याच हाताने डिसेंबरअखेरपर्यंत उठविले; म्हणजे ऐन सीतादहीच्या, वेचणीच्या दिवसांत! गिरण्यांना स्वस्त रुई हवी, ही गरज खोटी नव्हे. परंतु ज्या शेतकऱ्याच्या हिताचा हवाला बँकॉकला दिला गेला, त्याला दिल्लीतील अधिसूचनेपासून कोण वाचविणार? शुल्कमाफी द्यायचीच, तर ती वेचणीचे महिने वगळून द्यावी आणि पेरणीपूर्वी जाहीर करावी. त्यासाठी कोणत्याही परराष्ट्राची संमती लागत नाही.