ओळखीची नोकरी

भंडाऱ्याचा पितळी भांड्यांचा धंदा कधीच मंदावला; जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत जागा मोजक्या. मग धानाची कापणी आटोपताच शिकलासवरला तरुण तुमसर, साकोली, पवनीच्या पेठेत कापडाच्या वा किराण्याच्या दुकानात काम शोधतो, नाहीतर साठेक किलोमीटरवरचे नागपूर गाठतो.

पेठेतील नोकरी जाहिरातीने नव्हे, ओळखीने मिळते. ओळख हेच नेमणूकपत्र! पगार किती, सुटी कोणत्या वारी, हे विचारणे मग उद्धटपणा ठरतो. राज्याचा २०१७ चा दुकाने व आस्थापना अधिनियम दहा वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी होता. २०२५ मध्ये ही मर्यादा वीसवर नेण्यात आली. चार नोकरांचे दुकान त्यातून सुटते. किमान वेतनाचे बंधन मात्र त्यालाही आहेच, हे किती मालकांना ठाऊक असते?

नागपूरच्या मॉलकडे पाहून नाके मुरडणे सोपे आहे. परंतु तेथे मुलाच्या हाती बहुधा कागद तरी पडतो. पगार, कामाचे तास आणि सुटीचा वार चार ओळींत लिहून देण्यास स्वदेशीचा अभिमान बाळगणाऱ्या व्यापाऱ्याला कोणता खर्च येतो? मुलासाठी शब्द टाकणाऱ्या गृहस्थांनीच पहिल्या दिवशी तो कागद मागून घ्यावा.