दुकानाची किल्ली कोणाजवळ?

गोसीखुर्दहून एका ताईंचे पत्र आले आहे. नवरा-बायको मिळून गावात ऑनलाइन कामांचे छोटेसे दुकान चालवतात. दाखले, वीजबिल, पीकविमा, महाडीबीटीवरचे शिष्यवृत्तीचे अर्ज, अशी कामे. दुकानाचे सारे पासवर्ड भाचा सांभाळत होता. अर्धे डोक्यात, अर्धे एका वहीत. आता भाचा कामासाठी पुण्याला गेला आहे. ताई लिहितात, "भाऊ, दुकान आमचं, भाडं आम्ही भरतो, पन कुलूप उघडाले पोराले फोन लावा लागते. तो ड्युटीवर असला तं गिऱ्हाईक बसून राह्यते. पासवर्ड ठेवाचं ॲप घ्या म्हनतात. कोनतं घ्यावं?"

ताई, प्रश्न फक्त तुमचा नाही. तुमच्या गावच्या धरणाला ३३ दारे आहेत. कोणते दार कधी आणि किती उघडायचे, हे एका माणसाच्या आठवणीवर सोडता येईल काय? दुकान लहान असले तरी न्याय तोच.

पासवर्ड मॅनेजर म्हणजे पासवर्डची तिजोरी. आत प्रत्येक कामाचा वेगळा आणि अवघड पासवर्ड राहतो. तिजोरीचा एकच मुख्य पासवर्ड तेवढा आपण लक्षात ठेवायचा. चांगल्या तिजोरीत आपली माहिती आपल्याच यंत्रावर कुलूपबंद होते आणि मगच कंपनीकडे जाते, त्यामुळे कंपनीलाही ती वाचता येत नाही. आणखी एक फायदा आहे. तिजोरी संकेतस्थळाचा पत्ता ओळखते. हुबेहूब दिसणारे खोटे पान समोर आले तर ती पासवर्ड भरत नाही. तेव्हा आपणही हाताने भरू नये.

निवडताना चार प्रश्न विचारावेत. दोघांना एकच तिजोरी वापरता येते काय? एखादा माणूस काम सोडून गेला तर त्याचा प्रवेश बंद करता येतो काय? उद्या ती कंपनी सोडायची झाली तर आपले सारे पासवर्ड बाहेर काढता येतात काय? आणि पूर्वी चोरी झाली असेल तर कंपनीने काय सांगितले?

चौथा प्रश्न उगाच नाही. २०२२ साली लास्टपास या नावाजलेल्या कंपनीकडून ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रती चोरीला गेल्या. पासवर्ड कुलूपबंद होते, पण संकेतस्थळांचे पत्ते उघडे होते. ज्यांचा मुख्य पासवर्ड कच्चा, त्यांना धोका अधिक. म्हणून मुख्य पासवर्ड म्हणजे मुलाचे नाव आणि जन्मसाल नको. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडावेत. तो पासवर्ड विसरला तर बहुधा कंपनीसुद्धा तिजोरी उघडून देऊ शकत नाही. तेव्हा एका कागदावर लिहून, लिफाफा चिकटवून, घरच्या पेटीत महत्त्वाच्या कागदांसोबत ठेवावा. तो दुकानात ठेवू नये.

आता नावे. कीपास २००३ पासूनचे आहे, पूर्ण फुकट आहे. तिजोरी आपल्याच संगणकावर फाइल म्हणून राहते, इंटरनेट लागत नाही. पण संगणक बिघडला की फाइल गेली, म्हणून पेनड्राइव्हवर प्रत ठेवण्याची जबाबदारी आपली. बिटवॉर्डन संगणक आणि मोबाइल दोन्हींवर चालते. एकट्याला फुकट वापरता येते, आणि दोन माणसांच्या सामाईक तिजोरीचीही फुकट सोय आहे. आपल्या देशातील झोहो कंपनीचे व्हॉल्ट आहे. माणसे वाढली तर प्रत्येकाला वेगवेगळा अधिकार देता येतो, पण त्याला पैसे लागतात. दर आणि सवलती बदलतात, घेण्याआधी पाहून घ्यावे. तुम्हा दोघांच्या दुकानाला बिटवॉर्डन पुरेसे वाटते. ब्राउझर "पासवर्ड साठवू काय?" असे विचारतो, तेव्हा दुकानाच्या संगणकावर नाही म्हणावे. त्या खुर्चीवर कोणीही बसते.

पण ताई, ॲप घेण्याआधी एक काम करा. प्रत्येक खात्याला कोणाचा मोबाइल नंबर आणि ईमेल जोडला आहे ते पाहा. भाच्याचा असेल तर ओटीपी पुण्यालाच जाणार, तिजोरी कितीही चांगली घेतली तरी. भाचा सुटीवर आला की त्याला शेजारी बसवून सगळीकडे तुमचा नंबर लावा आणि एकेक पासवर्ड बदलून तिजोरीत टाका. यात त्याच्यावर अविश्वास नाही. उद्या काही गडबड झाली तर त्या पोरावर आळ येऊ नये, म्हणून हे करायचे.

शेवटची गोष्ट सर्वांत मोठी. वहीत गिऱ्हाइकांचे पासवर्डही असतील. शिष्यवृत्तीचा अर्ज भरणाऱ्या मुलीचा पासवर्ड तिचा आहे, दुकानाचा नव्हे. तिच्याच हाताने टाकू द्या, तिच्याच वहीत लिहू द्या आणि खात्याला तिच्याच घरचा नंबर लावा. नाहीतर तुमचे दुकान बंद असले त्या दिवशी अर्जाची शेवटची तारीख निघून जाईल आणि तिचे वर्ष अडेल. कोणाचाही बँकेचा पिन किंवा ओटीपी लिहून ठेवूच नये. फसवणूक झालीच तर लाजून बसू नये. ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे कठीण.

जुनी वही मात्र लगेच फेकू नका. सारे पासवर्ड बदलून झाले की चुलीत घाला. आणि ताई, मुख्य पासवर्ड तुम्ही स्वतः ठरवा, स्वतःच्या हाताने टाका. ज्यांचे दुकान, त्यांच्याजवळ किल्ली.